गोळी वाढवण्याआधी पाणी मोजू या

श्रीवर्धन तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. तिच्या सासऱ्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. रक्ताच्या डायलिसिसचे केंद्र दूर. आठवड्यातून तीन दिवस एसटीने जाणे-येणे त्यांच्या वयाला झेपेना, म्हणून डॉक्टरांनी पोटाच्या डायलिसिसचा सल्ला दिला. गेले वर्षभर ही सून आणि तिची नणंद मिळून घरीच पिशव्या लावत आहेत. ती लिहिते :

"अब्बांच्या बीपीच्या गोळ्या आधी दोन होत्या, मग तीन झाल्या, आता चार आहेत. तरी सकाळी वरचा आकडा १७० आणि संध्याकाळी १८०. आता पाचवी गोळी सुरू होईल असे दिसते. आम्ही एकही गोळी चुकवत नाही, एकही पिशवी चुकवत नाही. मग चुकते कुठे?"

पत्र वाचून आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो. तीन वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न आमच्या घरात होता, आणि त्याचे उत्तर आम्हाला फार उशिरा, फार घाबरून मिळाले. म्हणून या महिन्याचे सदर या एकाच पत्रासाठी.

आमचे थोरले भाईजान मधुमेहाचे जुने रुग्ण. किडनी गेली तेव्हा त्यांनी पोटाचे डायलिसिस स्वीकारले. घरात सगळ्यांनी हात लावला. पिशव्या लावायला भाभी शिकल्या, मुलगा खोके उचलायचा, गोळ्यांचा डबा आम्ही भरायचो. बीपी वाढले की आम्ही डॉक्टरांना फोन करायचो, गोळी वाढायची, चार दिवस बरे वाटायचे आणि आकडा पुन्हा वर. शब-ए-बरातनंतरच्या आठवड्यात भाईजानांना आडवे झोपता येईना. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. आम्ही म्हणालो, गॅस झाला असेल, ओव्याचा अर्क द्या. एका रात्री दोन वाजता ते खिडकीशी बसून तोंडाने श्वास घेत होते. ओठ काळे-निळे पडले होते. रुग्णालयात नेले तेव्हा कळले की छातीत पाणी भरले आहे.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी सगळ्यात आधी वही मागितली. वही आमच्याकडे होती, नीट ठेवलेली. त्यात रोजचे बीपी होते आणि गोळ्यांवर बरोबरच्या खुणा होत्या. डॉक्टरांनी पाने उलटली आणि विचारले, "पोटातून रोज किती पाणी जास्तीचे निघाले, ते कुठे लिहिले आहे?"

ते कुठेच लिहिले नव्हते. पिशवी भरायची, काढायची, ओतून द्यायची, एवढेच आम्ही करत होतो.

"वजन?" त्यांनी विचारले. आम्ही जरा जोरातच म्हणालो, "वजन तर अजिबात वाढलेले नाही. सहा महिन्यांपूर्वी ६२ होते, आजही ६२ आहे." त्यांनी भाईजानांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तेव्हा तिथे खळगा राहिला. ते शांतपणे म्हणाले, "सहा महिन्यांत यांचे जेवण कमी झाले आहे. अंगावरचे मांस गेले आणि त्याच्या जागी पाणी आले. काटा तोच दाखवतो, माणूस तो राहिला नाही."

हे वाक्य आम्ही आजही विसरलो नाही. पुढच्या आठवड्यात हळूहळू चार किलो पाणी काढले गेले. भाईजान पुन्हा एका उशीवर झोपू लागले. आणि पुढच्या दोन महिन्यांत डॉक्टरांनी त्यांच्या चार गोळ्यांतल्या दोन स्वतःहून बंद केल्या.

दाब नेमका कशाने वाढतो?

आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये नळीवाटे साधारण दोन लिटर द्रावण पोटात सोडतात आणि काही तास ठेवतात. पडद्यातून रक्तातली घाण त्या द्रावणात उतरते. द्रावणात साखर असते, ती शरीरातले जादा पाणी आपल्याकडे ओढते. मग ते द्रावण बाहेर काढून नवे भरायचे. असे दिवसातून साधारण चार वेळा. अमेरिकेत १९७६ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली गेली आणि त्यामुळे यंत्राला बांधून न घेता घरी राहून डायलिसिस करणे शक्य झाले.

निरोगी किडनी दिवसभरात आपण खाल्लेले जास्तीचे मीठ आणि प्यालेले जास्तीचे पाणी मुकाट्याने बाहेर टाकते. किडनी गेली की हे काम पिशवीवर येते. पिशवीने जेवढे काढले त्यापेक्षा आपण जास्त घातले, तर उरलेले पाणी रक्तवाहिन्यांत, पायांत आणि शेवटी फुप्फुसांत साठते. नळ बारीक आणि टाकी गच्च, मग दाब वाढणारच. अशा वेळी बीपीची गोळी म्हणजे फुगलेल्या पाइपला वरून फडके गुंडाळणे. फडके लागते कधीकधी, पण आधी टाकी रिकामी करावी लागते.

किडनीच्या रुग्णाचा दाब वाढायला इतरही कारणे असतात. कडक झालेल्या रक्तवाहिन्या, किडनीतून सुटणारी संप्रेरके, रक्तवाढीसाठी दिले जाणारे एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन, झोपेत घोरताना श्वास अडकणे, ही सगळी कारणे खरी आहेत. पण पोटाच्या डायलिसिसवर असलेल्या माणसाचा दाब गोळ्यांनी उतरत नसेल, तर पहिला संशय पाण्यावर आणि मिठावर घ्यायचा असतो. तुर्कस्तानातील डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हेच दिसले. त्यांनी पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णांचे मीठ कडकपणे कमी केले, गरज लागली तिथे पिशवीतून जास्त पाणी काढले, आणि बहुतेकांचा दाब गोळ्यांशिवाय आवाक्यात आला.

तहान नव्हे, मीठ आवरा

आमच्याकडून झालेली दुसरी चूक अशी. भाईजानांनी पाण्याचा ग्लास उचलला की घरातले कोणी ना कोणी ओरडायचे. एकदा ते चिडून म्हणाले, "घोटभर पाणीही तुमच्या परवानगीने प्यायचे, तर मग जगायचे कशाला?" भाभी आत जाऊन रडल्या. आणि त्याच दिवशी दुपारच्या दस्तरखानावर सुक्या बोंबलाची चटणी, कैरीचे लोणचे आणि भाजलेले पापड होते. माणसाला खारट खाऊ घालायचे आणि मग पाणी मागितले म्हणून रागवायचे, असा तो न्याय होता.

हिशेब साधा आहे. सलाइनची बाटली सगळ्यांनी पाहिली आहे. त्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ असते. आपले शरीरही जवळजवळ त्याच प्रमाणात मीठ-पाणी धरून ठेवते. म्हणजे नऊ ग्रॅम मीठ अंगात अडकले, की सुमारे एक लिटर पाणी त्याच्या सोबतीला अडकते. रोज तीन ग्रॅम मीठ जास्त झाले, तर तीन दिवसांत एक किलो वजन. आणि मीठ अंगात असेपर्यंत तहान थांबत नाही. कोणाचा संयम कमी पडतो म्हणून नव्हे, तर शरीरच पाणी मागते म्हणून.

जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण पाच ते सहा ग्रॅम. यात आमटीतले, भाकरीतले, पावातले, लोणच्यातले, बिस्किटातले सगळे आले. आपल्या कोकणातल्या घरांत सुकट, सोडे, सुके बोंबील, खारवलेली मच्छी हा पावसाळ्याचा आधार असतो. रुग्णाच्या ताटात मात्र त्यांना जागा नाही. धुऊन, भिजवून घेतले तरी बरेच मीठ आत राहते. पापडात मीठ असतेच, शिवाय पापडखारही सोडियमचाच. फरसाण, खारी, चिप्स, सूपची पाकिटे, बिर्याणीचे तयार मसाले, सॉस यांतही मीठ लपलेले असते. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी अ‍ॅसिडिटीची पावडर किंवा फसफसणारी तापाची गोळी यांतूनही सोडियम जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आमच्या घरात आम्ही पुढे तीन गोष्टी केल्या.

पहिली, हंडी अळणी शिजवायची. भाईजानांचे वाढून घेतले की मग बाकीच्यांसाठी वरून मीठ घालायचे. तांदळाच्या भाकरीच्या उकडीत मीठ टाकणेच बंद केले. दोन आठवड्यांत कोणाच्या लक्षातही येईनासे झाले.

दुसरी, भाईजानांचे दिवसभराचे मीठ सकाळीच मोजून एका छोट्या डबीत ठेवायचे. किती ते आहारतज्ज्ञांनी ठरवून दिले होते. ती डबी त्यांच्या हातात असायची. कुठे घालायचे, कुठे वाचवायचे, हे ते ठरवायचे. आमचा पहारा संपला आणि त्यांचा मान परत आला.

तिसरी, चव दुसरीकडून आणायची. लिंबू, आले, लसूण, हिरवी मिरची, पुदिना, भाजलेले जिरे, काळी मिरी, माशाला तिरफळ. जिभेला नवी चव अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, पण पडते.

एक सावधगिरी. बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते. त्यात बऱ्याचदा सोडियमऐवजी पोटॅशियम असते. किडनीच्या रुग्णाला पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. शहाळ्याचे पाणीही विचारूनच द्या.

वहीत काय लिहायचे?

आता श्रीवर्धनच्या भगिनीला आमची विनंती. उद्या सकाळपासून नवी वही घाला. रोजच्या पानावर एवढे असू द्या : सकाळचे वजन, सकाळ-संध्याकाळचे बीपी, प्रत्येक पिशवीची ताकद, किती भरले, किती निघाले, दिवसभराची लघवी, पायांवर सूज आहे की नाही, आणि प्यालेले एकूण पाणी.

समजा चार पिशव्या, प्रत्येकी २००० मिली भरल्या. निघाले अनुक्रमे २२००, २१५०, २३०० आणि रात्रीच्या पिशवीचे १८५०. एकूण निघाले ८५००, भरले होते ८०००. म्हणजे दिवसात ५०० मिली जास्तीचे पाणी निघाले. लघवी ३०० मिली झाली असेल तर एकूण ८००. त्या दिवशी चहा, दूध, डाळीचे पाणी, गोळ्यांसोबतचे घोट मिळून १५०० मिली प्यायले असतील, तर ७०० मिलीच्या आसपास पाणी अंगातच राहिले. असे चार दिवस गेले की पाय सुजणारच. उमराहून आलेले झमझमसुद्धा याच मापात धरायचे.

मोजताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. काही पिशव्यांत छापील आकड्यापेक्षा थोडे जास्त द्रावण असते, नळी धुऊन घेण्यासाठी. ते हिशेबात धरले नाही तर रोज वाटते की पाणी छान निघते आहे, आणि प्रत्यक्षात निघत नसते. तुमच्या पिशवीत किती जास्त असते आणि वजन कसे करायचे, हे डायलिसिसच्या नर्सकडून एकदा समजून घ्या.

वजन रोज एकाच वेळी, त्याच काट्यावर, तशाच हलक्या कपड्यांत घ्या. पोट रिकामे असताना किंवा भरलेले असताना, जे ठरवाल तेच रोज ठेवा. नाहीतर दोन किलोचा फरक त्या द्रावणाचाच पडतो. सूज नसताना, धाप नसताना, दाब ठीक असताना जे वजन असते, त्याला 'कोरडे वजन' म्हणतात. ते एकदा ठरले म्हणजे कायमचे नव्हे. भूक मंदावली, आजारपण गेले, अंग वाळले, की डॉक्टरांना सांगून ते नव्याने ठरवून घ्या. आमची चूक इथेच झाली होती.

पिशवी कोणती, कधी?

साखरेच्या प्रमाणावरून पिशव्या तीन ताकदीच्या असतात : १.५ टक्के, २.५ टक्के आणि ४.२५ टक्के. बऱ्याच घरांत त्यांना पिवळी, हिरवी, लाल म्हणतात. पण रंग कंपनीनुसार बदलू शकतो, म्हणून नेहमी आकडा वाचावा. साखर जास्त, तितके पाणी जास्त ओढले जाते. मग रोज लालच का लावू नये? कारण ती साखर अंगातही जाते. मधुमेह बिघडतो, चरबी वाढते, भूक मरते आणि वर्षानुवर्षे जास्त साखरेने पोटातला पडदाही खराब होत जातो. म्हणून जाणकार डॉक्टर आधी मीठ कमी करायला सांगतात आणि तेज पिशवी गरजेपुरतीच वापरतात.

वरच्या उदाहरणात रात्रीच्या पिशवीतून भरल्यापेक्षा कमी निघाले, हे लक्षात आले असेल. द्रावण आठ-दहा तास पोटात राहिले की त्यातली साखर रक्तात शोषली जाते, ओढ संपते आणि पाणी उलट अंगात परत जाऊ लागते. काही रुग्णांचा पडदा साखर फार लवकर शोषतो, त्यांच्यात हे जास्त होते. पडदा कसा आहे हे पाहण्यासाठी 'पेट' नावाची चाचणी असते. ती झाली आहे का, केव्हा झाली, हे विचारा. अशा लांब वेळेसाठी आयकोडेक्स्ट्रिन नावाचे वेगळे द्रावणही मिळते. ते सुरू असेल तर साखर मोजण्याचे यंत्र डॉक्टरांना जरूर दाखवा. काही यंत्रे या द्रावणामुळे रक्तातली साखर खोटी जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन दिले तर साखर धोकादायक उतरू शकते.

ज्यांच्याकडे रात्री यंत्राने डायलिसिस होते, त्यांनी हेही जाणावे की लहान लहान फेऱ्यांत पाणी आधी निघते आणि मीठ मागे राहते. पाणी भरपूर निघूनही दाब आणि तहान कमी होत नसेल, तर फेऱ्यांची वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

पाणी एकाएकी कमी निघू लागले, तर पिशवीला दोष देण्याआधी पोट साफ होते का ते पाहा. बद्धकोष्ठामुळे आतडी नळीवर दाबली जातात आणि द्रावण अडते. ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्यानंतर नळीला मुरड पडली आहे का ते बघा. तरीही निघत नसेल तर केंद्राला कळवा.

पिशव्यांच्या वेळा पाळण्यासाठी आमच्या भाभींनी त्या नमाजांना बांधल्या : फजरनंतर, जुहरनंतर, मगरिबच्या आधी आणि इशानंतर. लग्न असो की पाहुणे, वेळ चुकत नाही. मात्र वजू केला म्हणजे हात धुऊन झाले, असे समजू नका. पिशवी लावण्याआधी साबणाने, शिकवल्याप्रमाणे हात धुणे, कोरडे करणे आणि तोंडाला मास्क लावणे हे वेगळेच करावे लागते.

गोळ्यांचे काय?

हा लेख वाचून कोणीही गोळी बंद करू नये. काही गोळ्या अचानक सोडल्या तर दाब उसळतो. पाणी कमी होत गेले की गोळ्या डॉक्टरच कमी करतात. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येणाऱ्या गोळ्या दाब तर उतरवतातच, शिवाय उरलीसुरली लघवी टिकवायला मदत करतात, म्हणून डॉक्टर त्या आवर्जून देतात. त्या सुरू असताना पोटॅशियमची तपासणी वेळेवर करा. लघवी होत असेल तर ती वाढवणारी गोळीही उपयोगी पडते. रोजची थोडीशी लघवी ही पोटाच्या डायलिसिसवरील माणसाची मोठी पुंजी आहे. ती जपायची तर अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणू नका. त्या किडनीचे उरलेले काम बुडवतात आणि दाबही वाढवतात. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही विचारूनच घ्या. पायावरची सूज कधीकधी अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीनेही येते. ती पाण्याची की गोळीची, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

बीपी मोजताना रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. अर्धा तास आधी चहा नको. दंडाचा पट्टा योग्य मापाचा हवा. हातात फिस्टुला केलेला असेल तर तो हात सोडून दुसऱ्या हातावर मोजा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. साधारणपणे १४०/९० च्या खाली दाब ठेवण्याचा प्रयत्न असतो, पण तुमच्या रुग्णाचा आकडा त्याचे वय आणि हृदय पाहून डॉक्टर ठरवतील. फार खाली आणणेही चांगले नाही. उठताना चक्कर येत असेल, जुलाब-उलट्या होत असतील, वरचा आकडा १०० च्या आसपास असेल, तर तेज पिशवी लावू नका, आधी फोन करा. शरीर फार कोरडे झाले तर उरलेली लघवीही जाते.

धाप लागून आडवे होता येत नाही, छातीत दुखते, डोके फार दुखून नजर अंधुक होते, बोलणे अडखळते किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि दाब १८०/१२० च्या पुढे आहे, अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. यातली लक्षणे असतील तर आकडा त्याहून कमी असला तरी थांबू नका. बाहेर निघालेले द्रावण गढूळ दिसले, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी पिशवीसह केंद्रात जा.

रमजान जवळ आला की

भाईजानांना रोजे सोडण्याचे दुःख फार झाले. दिवसभर उपाशी राहून इफ्तारीला एकदम पाणी, सरबत, भजी, फरसाण असे झाले, तर पोटाच्या डायलिसिसवरच्या माणसाचा दाब एका संध्याकाळीत चढू शकतो. शिवाय गोळ्या आणि पिशव्यांच्या वेळा विस्कटतात. सूरह बकरहमध्ये आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिलेली आहे, हे आपण सगळे जाणतो. ती सवलत घेणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे. आधी डॉक्टरांना विचारा, मग फिदियाचे आलिमांना विचारा. भाईजान आता इफ्तारीच्या वेळी सगळ्यांसोबत बसतात, खजुराचा एक छोटा तुकडा आणि मोजलेले अर्धा ग्लास पाणी घेतात, आणि दुआ त्यांच्याच तोंडून होते. घरातले त्यांचे स्थान कुठेही कमी झालेले नाही.

श्रीवर्धनच्या भगिनीला शेवटी एवढेच सांगायचे आहे. तू विचारलेस, चुकते कुठे? तुझे आणि तुझ्या नणंदेचे काही चुकत नाही. वर्षभर एकही पिशवी न चुकवणे ही साधी गोष्ट नाही. फक्त मोजणे एका जागी राहून गेले असावे. आठ दिवस वही लिही. त्या आठ दिवसांत घरातली लोणच्याची बरणी फळीच्या वरच्या खणात ठेव. मग ती वही घेऊन अब्बांसह डॉक्टरांकडे जा आणि पाचव्या गोळीबद्दल बोलण्याआधी विचार, "यांचे कोरडे वजन आज किती असायला हवे?" जाण्याआधीच त्यांना धाप लागली किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर मात्र आठ दिवसही थांबू नकोस.

भाईजानांची वही आता चौथी आहे. पहिल्या पानावर भाभींनी सुवाच्य अक्षरात बिस्मिल्लाह लिहिले आहे आणि त्याखाली त्या दिवसाचे वजन. अल्हमदुलिल्लाह, ते एका उशीवर झोपतात. तुझ्या अब्बांबद्दलही असेच पत्र येईल, इन्शाअल्लाह. आम्ही वाट पाहू.